अकरा नंबरचा सेल

या पैजेत मीटरमास्तरांना मिळण्यासारखं होतं ते एवढं: उतारावरच्या चार खोल्या, पुढे व्हरांडा, मागे विहीर, आणि सकाळी उठल्यावर ‘झोप लागली का?’ या प्रश्नाला कुणालाही उत्तर न देण्याची मोकळीक. हरले तर लेकीच्या सातव्या मजल्यावरची, कपडे धुण्याच्या मशीनशेजारची खोली. खोली वाईट नव्हती. मास्तर दोनदा तिथं राहून आले होते. मशीन फिरायला लागलं की पलंग हळूहळू भिंतीकडे सरकतो, हे त्यांनी पट्टीनं मोजून ठेवलं होतं. आठवड्याला दीड इंच.

चौतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीत लोकांची मीटरं तपासली. निवृत्तीनंतर कंपनीनं उतारावरची लाईन काढायला घेतली, कारण त्या लाईनीवर एकच ग्राहक उरला होता आणि तो म्हणजे खुद्द मास्तर. खांब उपटायला आलेल्या माणसांनी त्यांना ‘साहेब, साहेब’ केलं, व्हरांड्यात बसून चहा घेतला आणि जाताना तारा गुंडाळून नेल्या. कपही मास्तरांनीच विसळले.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन.

“बाबा, इन्शुलिन कुठं ठेवता आता?”

“विहिरीत.”

“काय?”

“डब्यात घालून दोरीनं सोडतो. पाण्याला टेकू देत नाही. अठरा अंश असतं. मोजलंय.”

मग ती म्हणाली, “मी न्यायला येते.”

तिथून पैज लागली. मास्तरांनी चाळीस दिवस मागून घेतले. छपरावर पॅनेलं चढवायची, बॅटरी बांधायची, आणि लेकीच्या डोळ्यांदेखत चार दिवस फ्रीज, पंप आणि दिवे चालवून दाखवायचे.

“एकदा जरी लाईट गेली तरी बॅग भरायची,” लेक म्हणाली.

“एकदा जरी.”

“नंतर शब्द फिरवायचा नाही. आईला गुंडाळत होता तसं मला गुंडाळायचं नाही.”

“तुझी आई कधी गुंडाळली गेली नाही,” मास्तर म्हणाले. “ती फक्त तसं दाखवायची.” बायकोला जाऊन पाच वर्षं झाली होती. तिच्याबद्दल इतकं बोलणंही वर्षभरात झालं नव्हतं.

सेल आणले भंगारवाल्यानं. सोळा होते, निळ्या वेष्टणातले, जाडजूड शब्दकोशाएवढे, एकेक साडेपाच किलोचा. त्यांच्या बदल्यात मास्तरांच्या जुन्या शिशाच्या बॅटऱ्या त्यानं न्यायच्या, असं ठरलं. भंगारवाला तोंडाचा चालू माणूस. ओझं उतरवतानाही त्याची जीभ थांबत नसे.

“डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रातले आहेत, मास्तर. केंद्र बंद झालं. तिथं एकच माणूस नेमलेला असायचा. पुढं पुढं तोही नसायचा.”

“नसायचा म्हणजे?”

“म्हणजे पगार जायचा, माणूस दिसायचा नाही. मला काय, मी सेल बघतो.” त्यानं कपाळ पुसलं. “आमच्या घराचं मीटर तुम्ही सील केलं होतं, आठवतंय का? बावीस वर्षं झाली. बायको अजून तुमच्या नावानं बोटं मोडते.”

“मीटर मागं फिरत होतं तुमचं.”

“पुढं फिरून कुणाचं भलं झालंय?” असं म्हणून तो गेला.

मास्तरांनी मधल्या रिकाम्या खोलीत टेबल मांडलं आणि सेलांवर एक ते सोळा आकडे घातले. एकेकाचा दाब मोजला. पंधरा सेल ३.२९ व्होल्ट. अकरा नंबर २.९१.

शहाण्या माणसानं अकरा नंबर तिथंच बाजूला काढला असता. पण इन्व्हर्टरला सोळा लागत होते आणि भंगारवाल्याकडे सतरावा नव्हता. शिवाय असल्या दुखण्यावर औषध ठरलेलं असतं. असे सेल पुढे एकामागे एक जोडायचे असतात, आणि एकत्र कुटुंबात एक भाऊ कच्चा निघाला की सगळ्या घराची चूल थंड, तसं त्यांचं होतं. एक सेल रिता झाला की सोळाही बंद. म्हणून आधी सगळ्यांना तांब्याच्या पट्ट्यांनी शेजारी शेजारी जोडतात, धन धनाला, ऋण ऋणाला, आणि ३.६५ व्होल्टपर्यंत संथपणे भरतात. ज्याच्याकडे जास्त असेल तो कमीवाल्याला देतो. सगळे एका पातळीला आले की देणंघेणं आपोआप थांबतं.

मास्तरांनी हिशेब मांडला. सेल निम्मे भरलेले. एका पॅनेलवरून दिवसाला दोनशे अँपिअर-तास मिळणार. बारा दिवसांचं काम. रोज दुपारी बारा, दोन आणि चार वाजता ते रीडिंग घेत आणि वहीत उतरवत. हे करताना खुर्ची ओढली जाई, वहीचं पान उलटे, पेनाचं टोपण निघे. घरात तेवढेच आवाज होते.

बाराव्या दिवशी दाब ३.३१. पंधराव्या दिवशी ३.३१. विसाव्या दिवशीही तोच.

सव्विसाव्या दिवशी वहीतली बेरीज पाच हजारांवर गेली. सोळाही सेल ठणठणीत रिकामे असते तरी साडेचार हजारांत उतू गेले असते. मास्तरांनी आधी मीटरवर संशय घेतला, कारण जन्मभर तेच केलं होतं. मीटर बरोबर निघालं. मग त्यांनी क्लँप मीटरचा चिमटा एकेका पट्टीभोवती धरून पाहिला. पंधरा सेलांतून प्रवाह बाहेर निघत होता. अकरात जात होता. पॅनेल काढून टाकलं तरी जात होता.

जिथं इतकं आत जातं तिथं ऊब तरी यायला हवी. त्यांनी अकरा नंबरवर तळहात ठेवला. सेल गार होता. बाहेर पत्रा तडकेल असं ऊन होतं, आणि त्या खोलीत दाराशी चपला काढल्या की फरशी पायाला ओली वाटे. ओली नसे.

त्यांनी अकरा नंबर सोडवून बाजूला ठेवला. उरलेल्या पंधरांना सगळी पॅनेलं लावली, तर ते दोन दिवसांत काठोकाठ भरले. एकट्या अकराचं रीडिंग घेतलं: २.९१. महिनाभर गिळून तो जिथं होता तिथंच होता.

रीडिंग घेताना मास्तरांना एक वाईट खोड होती. मीटरच्या वायरीचं टोक ते अंगठ्यानं दाबून धरत. कंपनीत त्यावरून त्यांना दोनदा लेखी समज मिळाली होती. त्या दुपारी टोक नटावरून घसरलं आणि नुसतंच चिमटीत राहिलं. दुसरं टोक दुसऱ्या हातात. सेलाला कुठंच काही लागलेलं नव्हतं. पडद्यावर आकडा होता २.९१.

माणसाच्या अंगाचं रीडिंग येतं, नाही असं नाही. पण ते हजारांशांत असतं, आणि चंचल असतं. हा आकडा ठोकल्यासारखा उभा होता. मास्तरांनी मीटर बंद करून चालू केलं. हात साबणानं धुतले, पुसले, पुन्हा टोकं धरली.

२.९१.

“घ्या,” मास्तर एकटेच म्हणाले. “आता आम्हालाही सील करा.” आवाज भिंतीवरून परत आला तेव्हा त्यांना तो जरा म्हातारा वाटला.

तिसाव्या दिवशी भंगारवाला शिशाच्या बॅटऱ्या न्यायला आला. ऊन उतरेपर्यंत बसतो म्हणाला आणि गार आहे म्हणून नेमका त्याच खोलीत बसला. तासभर बोलत होता. बायकोच्या गुडघ्यांबद्दल, मेव्हण्याच्या कोंबड्यांबद्दल, आणि कोंबड्या मेव्हण्यापेक्षा शहाण्या कशा याबद्दल. मास्तरांना मधे हसूही आलं. गाल दुखले, इतकी ती सवय मोडली होती. उठताना भंगारवाला दाराच्या चौकटीला धरून क्षणभर उभा राहिला.

“दमल्यासारखं झालं की हो. बसूनच तर होतो.”

तो गेल्यावर चार वाजताचं रीडिंग. अकरा नंबर, कशालाही न जोडलेला: २.९६.

पाच हजार अँपिअर-तास उन्हानं जे झालं नाही ते एका तासात झालं होतं. मास्तरांनी वहीत शेऱ्याच्या रकान्यात ‘पाहुणा, १ तास’ असं लिहिलं, मग ते खोडलं, आणि खोडलेलंही वाचता येईल इतपतच खोडलं.

आता इन्व्हर्टरबरोबर सेलांवर पाळत ठेवणारा एक बोर्ड येतो. त्याचा नियम सरळ: कुठलाही सेल तीन व्होल्टखाली असेल तर घर चालू होऊ द्यायचं नाही. अकराला चार शतांश कमी पडत होते आणि लेक यायला दहा दिवस होते.

चौतिसाव्या दिवशी मास्तरांनी भंगारवाल्याला फोन करून एक नट कमी पडतोय म्हणून बोलावलं. नट कमी पडत नव्हता. तो आला, बसला, पण त्या दिवशी फारसं बोलला नाही. कोंबड्यांचं काय झालं म्हणून मास्तरांनीच विचारलं.

“कुठल्या कोंबड्या?” तो म्हणाला.

तासाभरानं तो निघाला. उतारावर वळणाच्या दगडाशी बसलेला मास्तरांना व्हरांड्यातून दिसला. बराच वेळ बसला होता. इकडे अकरा नंबर ३.०२ वर होता.

सोळाही सेल एकामागे एक जोडले. बोर्डानं हिरवा दिवा दिला. फ्रीज घरघरला, आणि मास्तरांनी विहिरीतून डबा वर काढला.

तीन दिवसांनी त्यांनी भंगारवाल्याकडे फोन लावला. बायकोनं उचलला.

“आजारी नाहीत हो,” ती म्हणाली. “जेवायला वाढलं तर जेवतात. झोपा म्हटलं की झोपतात. नुसते बसतात. तुम्ही काही बोललात का त्यांना?”

“नाही,” मास्तर म्हणाले. ते खरं होतं.

फोन ठेवून त्यांनी लगेच लेकीचा नंबर काढला. ‘येऊ नकोस, हरलो, मीच येतो,’ एवढंच म्हणायचं होतं. अंगठा पडद्यावर टेकायचा तेवढा बाकी होता.

पण त्यांच्या खात्यात एक जुना दंडक होता: दोन रीडिंगांवर शेरा मारायचा नाही. पहिलं चुकून येतं. दुसरं पहिल्याच्या नादानं येतं. तिसरं आलं तरच सही करायची. या दंडकावर त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि त्यापायी कित्येक निर्दोष माणसांचे दंड वाचले होते. दोन दुपारी एक माणूस दमला, याचा अर्थ काय निघतो? काही निघत नाही. तिसरं रीडिंग हवं.

त्यांनी फोन उपडा ठेवला.

लेक आली ती उतारापासून बोलत आली. हातात थर्मामीटर होता, बापाचीच लेक. फ्रीजमध्ये ठेवला, दर तासाला पाहिला, पंप स्वतः चालू केला, मग सगळे दिवे भर दुपारी लावून घरभर फिरली. मुलीला नवऱ्याकडे सोपवून आली होती.

“आरशात शेवटचं कधी बघितलंत? कानावर केस किती आलेत ते.”

“तिथं मीटर लावलेलं नाही.”

“आणि दोन कप आहेत घरात. दोन. तिसरा माणूस आला तर काय ओंजळीत पिणार?”

“तिसरा येत नाही.”

ती हसली, आणि हसताना मधल्या खोलीत गेली. “इथं किती छान गार आहे,” म्हणून खुर्ची तिनं तिथंच मांडली.

टेबलावर मीटर पाहून तिनं दोन्ही टोकं चिमटीत धरली. लहानपणी धरायची तशीच. “सांगा, किती करंट आहे माझ्यात?”

३.६२.

“बिघडलंय,” मास्तर म्हणाले आणि मीटर बंद केलं.

त्या संध्याकाळी अकरा नंबर ३.१३ वर होता. दुसऱ्या दिवशी ३.२४. मास्तरांना सणसणून भूक लागली. पहाटे जाग आली तेव्हा गुडघा दुखत नव्हता. आंघोळ करताना आपण काहीतरी गुणगुणतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. लेक बोलत होती, पण वाक्यं अर्ध्यावर ठेवून देत होती, कपाटात वस्तू ठेवावी आणि दार लावायला विसरावं तशी. थर्मामीटर तिनं पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा ३.३३. मास्तर ३.३३. लेकीला म्हणाले, “धर गं जरा ही टोकं.” तिनं धरली. ३.३३.

मास्तरांच्या जिवात जीव आला. पातळी एक झाली की देणंघेणं थांबतं. हा काही त्यांनी केलेला नियम नव्हता, सगळ्या जगाचा होता. बापलेकीत थोडं इकडचं तिकडे झालं असेल, झालं. आता थांबणार.

दुपारी दोनला अकरा ३.३७. लेक ३.१०.

थांबलं नव्हतं.

मास्तरांनी पाना घेतला. मुख्य स्विच खाली केला, अकराचे नट सैल केले, सेल छातीशी धरून विहिरीपाशी नेला आणि भर उन्हात दगडावर ठेवला. धावत परत आले. फ्रीज गप्प झाला होता. दिवे गेले होते.

“लाईट गेली,” लेक म्हणाली. खुर्चीतूनच.

“हो. गेली. जिंकलीस तू.”

ती बघत राहिली.

“एकदा जरी म्हणाली होतीस ना? बॅग भरू? आत्ताच निघू, चल. ऊठ.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? तुझ्या घरी.”

तिनं जरा विचार केल्यासारखं केलं. मग मान भिंतीकडे वळवली. तिथं काही नव्हतं.

मास्तर विहिरीपाशी गेले. सेलाभोवतीचा दगड तापला होता; सेलाखालचा गार होता. कुठलीही पट्टी नाही, तार नाही. ३.३८.

त्यांनी सेल परत आणून जोडला. याला कारणं तीन होती. एक, इन्शुलिन तापत होतं. दोन, काढून फरक पडत नव्हता. तिसरं त्यांनी वहीत लिहिलं नाही, पण सेल उचलून आणताना त्यांची पाठ अजिबात दुखली नाही आणि ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

चौथ्या दिवशी घर उत्तम चाललं. टाकी भरली. फ्रीज चार अंशांवर. अकरा ३.४१.

लेकीच्या बोटांत टोकं मास्तरांना स्वतः धरवावी लागली, तिची मूठ आपल्या मुठीत घेऊन. २.८८. इतके खाली तर मास्तर स्वतःही कधी गेले नव्हते.

चार वाजता तिचा फोन वाजला. टेबलावर, तिच्या हाताशी. पडद्यावर नातीचं चित्र, दोन दात पडलेलं. लेकीनं त्याकडे पाहिलं, बसमध्ये शेजारच्याचा फोन वाजला की पाहतात तसं.

मास्तरांनी उचलला.

“आई?”

“आबा बोलतोय.”

“आबा! तुमचा आवाज असा कसा येतोय? बाबांसारखा.” मग उत्तराची वाट न पाहता ती सुटली. तिसरा दात हलतोय. वर्गातल्या एकीचा पडला तर तिनं तो गिळला. बाबांनी वेणी घातली ती उजवीकडेच गेली सगळी. आई आज येणार ना? आईला सांगा, मी चित्र काढलंय, त्यात तुम्ही आहात, विहीर आहे, आणि...

मास्तर ऐकत होते. घड्याळही दिसत होतं. एक मिनिट झालं तेव्हा फोन ठेवायला हवा, हे त्यांना कळलं. पण आपल्याला इतकं सगळं कुणी शेवटचं कधी सांगितलं होतं, ते त्यांना आठवेना. फरशी पायाला ओली लागत होती. कानाशी तो बारीक, भरभरून आवाज होता.

“आणि काय?” ते म्हणाले.

“आणि...” नात थांबली. “विसरले.”

“विहीर म्हणालीस.”

“हो.”

मग नुसता श्वास. पलीकडे कुणीतरी टीव्ही लावला होता. नातीनं फोन ठेवला नाही, बोललीही नाही. शेवटी मास्तरांनीच ठेवला.

चारचं रीडिंग राहिलं होतं. त्यांनी घेतलं, चष्मा न लावता. दोन दिवसांपासून चष्मा लागत नव्हता. ३.४२. काठोकाठ भरायला अजून तेवीस शतांश हवे होते.

लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती. मास्तरांनी खुर्ची ओढली, वहीचं पान उलटलं आणि आजवर कुणाकडून किती आलं त्याची नीट बेरीज मांडली.

ऊन, सव्वीस दिवस: शून्य. भंगारवाला, दोन तास: अकरा शतांश. लेक, चार दिवस: एकोणचाळीस शतांश. नात, फोनवरून, चार मिनिटं: एक शतांश.